सातवी चकती

नेरिस बेव्हननं गाडी शेडच्या दाराशी लावली
आणि डावा हात काखेत घालून उभी राहिली.
तीस वर्षं मेंढ्यांच्या पोटात शिरून
अडलेली कोकरं ओढून काढलेला हात.
म्हणाली, ‘इड्वल, हिचा क्लच दाबला
की अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी खिळा ठोकतं.’

एकोणसत्तरची ट्रायम्फ, साडेसहाशेची.
टाउइनच्या एका पोरानं स्प्रिंगा बदलून दिल्या होत्या, नरम.
लिव्हर लोण्यासारखी. नेरिस खूश.
तीन दिवस.
मग बुल्ख-अ-ग्रोइसच्या चढावर
इंजिन गळा काढून ओरडतंय, चाक ढिम्म,
मागे ट्रॅक्टरवाल्याचा हॉर्न,
आणि जळक्या कॉर्कचा वास
थेट हेल्मेटच्या आत.
मग पुन्हा कडक स्प्रिंगा. पुन्हा खिळा.

‘मला दोन्ही हवंय. हलकं हवं, आणि सुटता कामा नये.
जमत नसेल तर तसं सांग,
भावोजी गिऱ्हाईक घेऊन बसलाय.’

मी किटली चढवली.
धरायचं म्हणजे आवळायचं, असं मलाही वाटायचं.
एक संसार मी तसाच चालवला,
अकरा वर्षं, नट पिळत.

झाकण उघडलं. तेल कोऱ्या चहासारखं काळं.
बास्केटच्या दातांवर खाचा पडलेल्या:
सुटताना चकती नेमकी तिथे अडते,
म्हातारी माणसं एकाच वाक्यापाशी अडतात तशी.
कानस घेतली. दुपार गेली.
दात सरळ झाले, माझी पाठ वाकडी.

मग सहा जाड चकत्या काढल्या
आणि तेवढ्याच जागेत
सात पातळ बसवल्या.

यात जादू नाही.
स्प्रिंगेचा दाब चकत्यांमध्ये वाटला जात नाही,
पहिली दुसरीला देते, दुसरी तिसरीला,
आणि देऊनही प्रत्येकीकडे पुरता उरतो.
धरणारी एक वाढली,
की दाबणाऱ्यानं थोडं सैलावलं तरी चालतं.
गाव करी ते राव न करी.
हिशेब म्हणाल तर सातातला एक भाग कमी.
फार नाही.
बाकीचं केबलीत होतं:
टाकीखाली डुकराच्या शेपटीसारखी मुरडलेली.
नवी घातली, आतून नायलॉनची,
लांबच्या रस्त्यानं, ऐसपैस वळणं देत.

राहिले तीन नट.
इथे घाई करणाऱ्यानं घरी जावं.
लिव्हर दाबून बांधायची, किक हळूच फिरवायची,
वरची थाळी बघत राहायचं:
डुलली, तर एका बाजूनं अजून चिकटून आहे.
पाव आटा इकडे. पाव आटा तिकडे.
अर्धा उलटा.
रेडिओवर मेंढ्यांचे भाव सांगून संपले,
आणि थाळी फिरली,
पाण्यानं भरलेली ताटली कुणी जपून न्यावी
तशी, एका पातळीत.

नेरिसनं दोन बोटांनी लिव्हर ओढली.
सोडली. पुन्हा ओढली.
काही बोलली नाही.
माझा चहा उचलला, पिऊन टाकला,
जुन्या स्प्रिंगा मागितल्या:
‘डॉक्टरनं दाबायला रबरी चेंडू दिलाय,
त्यापेक्षा ह्या बऱ्या.’

ती गेली, मी रस्त्यावर येऊन कान दिला.
पहिला. दुसरा.
चर्चच्या मागे तिसरा.
मग चढ, आणि मी श्वास धरलेला,
कारण घसरला तर इथेच कळतं,
आवाज गाडीला सोडून एकटाच वर पळतो.

पळाला नाही.
आवाज आणि चाक एकाच दमानं
दगडी कुंपणाकडेनं वर चालले होते.
वरच्या वळणावर ठिपक्याएवढी नेरिस दिसली.
हात हलवला तिनं.
डावा.

शेड बंद करताना लक्षात आलं,
पैसे राहिलेच.