ञची पाटी

एकतीस वर्षं पाट्या रंगवतोय दत्तवाडीत.
ज्ञ हजारांनी काढले असतील,
ज्ञानदीप क्लासेस, विज्ञान शाखा, आज्ञेवरून.
ञ एकदाही नाही.
ञ नुसता तक्त्यावरचा. क कमळातला, ख खटाऱ्यातला,
ञच्या चौकोनात चित्रच नसायचं,
बाई पट्टी पुढं सरकवायच्या, आम्हीही.

शलाका म्हणते, बाबा, इथं ञ रोज लागतो.
उद्या म्हणजे माञाना. न्हाणीघर म्हणजे बाञो.
घरमालकीण बेगोञा.
देशाचं नावही त्याच्याशिवाय लिहून होत नाही.

वायादोलिद. चौथा मजला, लिफ्ट नाही.
एका फ्रिजमध्ये चौघींचे चार कप्पे,
हिच्या कप्प्यात शिजवलेला मसूर आणि अर्धं लिंबू.
दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, तक्रार करत होती.
मी म्हटलं, त्यात काय,
तसल्या पाट्यांवर तर तू शिकलीस.
रात्रीचं जेवण मात्र दहाला.
आपल्याकडे तेव्हा दीड,
आणि ऑक्टोबर संपताना त्यांनी घड्याळं मागं नेली,
आता अडीच.
तिची आई गजर लावून उठते,
काय केलंस विचारते, परत झोपते.

तिथं श नाही. वर्गात तिला चालाका म्हणतात.
चूक आहे असं मी म्हणणार नाही.
तेराव्या वर्षी तिनं एका बिल्डरकडून
माझी दोन वर्षांची उधारी आणली होती.

शनिवार-रविवार बारमध्ये ग्लास धुते.
हे आईला सांगितलंय, मला नाही.
मला फोटोतल्या हातांवरून कळलं.
टर्पेंटाइननं फुटते
तशीच कातडी साबणानंही फुटते.

मग बँकेचं पत्र परत गेलं,
खालच्या टपालपेटीवर हिचं नाव नव्हतं म्हणून.
हिनं चिकटपट्टीवर बॉलपेननं नाव लिहिलं
आणि फोटो पाठवला. बघा बाबा, झालं काम.

चिकटपट्टीवर! पेंटरची पोर!
मी म्हटलं, माप सांग.
नऊ सेंटिमीटर बाय अडीच.
वीस फुटांची कामं फ्लेक्सवाल्यांनी नेली,
नऊ सेंटिमीटर माझ्याकडे आलं.

ॲल्युमिनियमचा तुकडा कापला, कडा घासल्या.
शून्य नंबरचा ब्रश, काळा रंग,
अक्षरं रोमन, कारण पोस्टमन त्यांचा.
मालकीणबाईंनाही एक हवी म्हणे.
त्यांच्या एनच्या डोक्यावर लाट असते,
ती काढताना श्वास धरावा लागतो,
जरा जाड झाली की मिशी दिसते.
मागच्या अंगाला, जी बाजू पेटीला चिकटेल तिथं,
देवनागरीत लिहिलं, बेगोञा.
पहिला ञ बसला. पुसला. दुसरा उभा राहिला.
आयुष्यातला पहिला, म्हणून तिला फोटो पाठवला.

पहिला कसला, म्हणाली.
आपल्या पांचाळमधला ठिपका म्हणजे ञच तर आहे बाबा,
जुन्या पद्धतीनं पाञ्चाळ.
भाषाशास्त्र शिकतेय, तिला माहीत असणार.
मी काही बोललो नाही.
बाहेर जाऊन दुकानाची पाटी पाहिली. पांचाळ आर्ट्स.
ठिपका उन्हानं उडालेला.
पाचाळ वाचत असतील लोक, कधीपासून कोण जाणे.
स्टूल घेतलं.
एका ठिपक्याला लागावा
त्याहून जरा जास्तच वेळ लागला.

कुरिअरला पाटीच्या वीसपट पडले,
ते मी तिच्या आईला सांगितलेलं नाही.
एकोणिसाव्या दिवशी पाटी पोचली,
त्यानंतरच्या मंगळवारी पेटीत पहिलं पत्र,
लायब्ररीचा दंड, चार युरो.
मी म्हटलं, भरून टाक.
पण पोस्टमनला नाव लागलं ना नीट?