उंदराचं औषध

पेठ रोडला, कॉलेजच्या प्राणिगृहामागच्या खोलीत
पेटीत पेटी, तिच्यात स्पंज, स्पंजात नळी,
नळीत चौदा नंबर.
शेपटीवर निळ्या मार्करच्या खुणा,
मिशा कुठल्यातरी हिशोबात.

मी सूर लावते, पातळ, शिट्टीसारखा.
मग धाडकन मोठा आवाज. तो दचकतो,
पट्टीखालचा काटा दचकणं मोजतो.
मग त्याच सुरात, आवाजाच्या जरा आधी, एक भोक पाडते.
पन्नास मिलिसेकंदांचं. पापणी लवायलाही याहून जास्त लागतं.
धडधाकट उंदराला भोक कळतं,
तो सावरतो, कमी दचकतो.
चौदाला कळत नाही.
महिन्यापूर्वी त्याला भूल देऊन, उजव्या कानात बोळा घालून
डाव्यात मीच तासभर कल्लोळ ओतलाय.
आता भोक आतूनच भरलेलं असतं.

मखमलाबादच्या बागांत पहाटे ब्लोअर सुरू झाला
की त्या दिवसाचं पहिलं रीडिंग फुकट.
गांगुर्डे मामा खिडकीला गोणपाट लावतात,
द्राक्षवाल्यांच्या सात पिढ्या काढतात,
दुपारी त्यांच्याकडूनच दोन किलो घेऊन येतात.

आप्पा एकतीस वर्षं प्रेसमध्ये, नोटांच्या.
जेल रोडच्या घरी अंगावर दोन गोधड्या
आणि जानेवारीत पंखा फुल.
"सहा नंबरचं मशीन आहे," कानाला हात लावून म्हणतात,
"पेन्शनीसोबत मिळालं. ते तरी वेळेवर सुरू होतं."
डॉक्टर म्हणाले, सवय करा.
शेजाऱ्यांना सांगतात, पोरगी उंदरांचं औषध बनवते.
अहिरे काकू परवा दारात:
आमच्याकडं लई झालेत गं, एक पुडी आण.

अकराव्या दिवशी, सकाळच्या डोसनंतर,
चौदाने भोक ऐकलं.
काटा अर्ध्यावर थांबला. मी पुन्हा केलं. वीसदा केलं.
त्याच औषधाच्या बाकी सात जणांत फरक नाही, हेही लिहिलं.
मामा म्हणाले, बाई, आज हा तोंड धूत बसलाय बघा,
निवांत, पुढच्या दोन्ही पायांनी.

बाराव्या दिवशी मेंदू काढायचा असतो.
कागदावर त्याला समाप्ती म्हणतात.
हातमोज्यातून तो गरम लागला, नेहमीपेक्षा नाही,
नेहमीइतकाच.

संध्याकाळी आप्पा: "काय गं, तुझ्या त्या उंदराचं
वाजायचं थांबलं का?"
"थांबलं."
"मग विचारायचंस त्याला,
थांबल्यावर काय ऐकू येतं."

वर पंखा. खाली चहावर साय धरत होती.
त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली,
दुसरी घालायच्या आधी जरा थांबले,
मान किंचित डावीकडे,
कुणी हाक मारतंय का बघावं तशी.
मी मोजलं नाही.