चार बोटं कमी

आठव्या महिन्यात खोली रिकामी केली.
काट्यावरच्या माझ्या जुन्या वह्या, हेल्मेट,
बंद पडलेला पंखा, सगळं माळ्यावर.
उरली कुडचड्याच्या रस्त्याकडची खिडकी.
तिच्या गजावरून बोट फिरवलं
की बोट तांबडं होतं. खनिजाचे ट्रक.

इनासबाब फळी ठोकायला आला.
"किती उंच?"
मी हात पुढे करून दाखवलं: इतकी.
एक हात बाळावरून उचलायचा नाही,
दुसऱ्या हाताला लंगोट मिळाला पाहिजे,
असं दवाखान्यातल्या नर्सनं बजावलेलं.
अकरा वर्षं मी ट्रक मोजलेत,
भरलेला, रिकामा, मधला फरक.
मापात चुकणारा माणूस नव्हे मी.

मुलगी झाली.
घरी आल्यावर चौथ्या रात्री दिवा लावला तर
सुलक्षा टाचा उंचावून उभी,
टाके ओढताहेत, दात ओठांवर,
डावा हात पोरीच्या पोटावर
आणि उजवा हवेत,
फळीला चार बोटं कमी.
मी माझा हात मोजला होता.

इनासबाबनं फळी खाली घेतली. पैसे घेतले नाहीत.
"बायलेक विचारपाक जाय आशिल्लें," एवढंच म्हणाला.
वरची दोन भोकं अजून तशीच आहेत,
लांबी भरायची राहून गेली.
राहू दे.

मग तह झाला:
दिवसा कापडाचे, रात्री विकतचे.
रिवणच्या मावशीनं धाडलेले
जुन्या लुगड्याचे बावीस चौकोन,
एकावर अर्धी नक्षी, एकावर रफू.
बाहेर दोरीवर टाकले की संध्याकाळी गुलाबी होतात,
म्हणून आतच वाळवायचे, पंख्याखाली.
झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवले, छान दिसले,
तिसऱ्या दिवशी त्यांवर काळे ठिपके.
शेवटी बाजारातून वेताची पाटी आणली,
दोन विटांवर ठेवली, खालून वारा जावा.
हवेला कुठे दार पाहिजे
ते पेटीवाल्याला कोण सांगणार.

मळक्यांसाठी पायानं उघडायची बाल्दी.
दुकानात ती मुकी होती.
घरी रात्री अडीचला दाबली की
कोंबडं मानगुटीला धरल्यासारखी ओरडते
आणि नुकती डोळा लागलेली जागी होते.
बिजागरीला खोबरेल घातलं. दोन दिवस गप्प.
आता आम्ही हातानंच उघडतो,
पाय वापरायची चैन दिवसा.

विकतच्यांचं काय करायचं,
हे नर्सनं सांगितलं नव्हतं.
मी आपले पिशवीत कोंबले, गाठ मारली,
पालिकेच्या गाडीत टाकले, मोकळा झालो.
पुढच्या खेपेला हुलिगेव्वा दाराशी थांबली.
रागावली नाही. हातमोज्याचं भोक दाखवलं,
अंगठ्यापाशी, नखाएवढं.
"कागदात गुंडाळा, भाऊ. वर लाल फुली मारा.
फुली नसली तर मला उघडून बघावं लागतं."

उघडून बघावं लागतं.
ते वाक्य घेऊन मी घरात आलो
आणि बराच वेळ हात धूत राहिलो.

तेव्हापासून रोज रात्री
आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्रात एकेक,
आतली बाजू आत, टोकं दुमडून, वर फुली.
सवयीनं एकदा आठवड्याचं वजनही केलं:
साडेतीन किलो.
पोरीपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त.
सुलक्षाला सांगितलं तर ती हसली
आणि टाके दुखले म्हणून चिडली.

परवा लाल पेन सुकलं.
पहाटेचे चार, दुकान कुठलं उघडं.
सुलक्षानं न बोलता ड्रॉवरमधून
नेलपॉलिशची बाटली काढली,
लग्नानंतर दोनदाच उघडलेली.
झाकण फिरेना. दातानं फिरवलं.
सात पुड्यांवर सात फुल्या,
चकचकीत, ओल्या.
खिडकीत वाळत ठेवल्या आणि
खोलीला दुधाचा, शीचा, पॉलिशचा वास,
पोरगी शिंकली.

शनिवारी हुलिगेव्वानं पुडी उचलली,
नाकाजवळ नेली, थांबली.
"आज काय, लग्न आहे घरात?"
आणि गाडीच्या लाल डब्यात
एकेक हलकेच ठेवली.