त्रेसष्ट मायक्रॉनखाली

बरणीवर पेन्सिलनं लिहिलंय: राय, तिसरा मजला, तुळईवरून.
अक्षर हातमोज्यातून काढल्यासारखं.
बाहेर उणे सव्वीस. तांपेरेच्या या खिडकीपलीकडे
तळं इतकं गोठलंय
की त्यावरून दुधाचा ट्रक जातो.

इर्मेली सार्निओ बरणी कानाशी हलवते. सवय.
आवाज येत नाही.
पीठ बोलत नाही, नुसतं बसतं
तुळयांवर, पाइपांवर, दिव्यांच्या टोप्यांवर
वर्षानुवर्षं
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आधी वाळवायचं, मग चाळायचं.
त्रेसष्ट मायक्रॉनखालचं तेवढं आपलं.
वर उरतं ते उरू द्यायचं:
कोंडा, कुसळ, माशीचा एक पंख
आणि आज
लाल लोकरीचा धागा, नखाएवढा.
नियमावलीत धाग्याला कलम नाही.
ती तो चिमट्यानं उचलते,
वहीच्या समासात चिकटपट्टीखाली ठेवते.

काचेची उभी नळी. तळाशी दीड चमचा पीठ.
मधोमध दोन तारा, टोकाला टोक लागेल न लागेल अशा.
हवेचा एक फुत्कार, ढग उठतो,
आणि त्या ढगात ठिणगी.
हजार मिलिज्यूल. भक्कन् पेटतं.
तीनशे. पेटतं.
शंभर. पेटतं, पण जरा विचार करून.
तीस.
नाही.
नळी पुसा. पीठ घाला. फुत्कार.
नाही.
एका नाहीवर इथं कुणाचा विश्वास नसतो.
पिठाला दहादा नाही म्हणावं लागतं
तेव्हा कुठं कागदावर एक नाही उमटतं.
सहाव्या नाहीला कॉफी गार झाली.
आठव्याला तिनं खांदे सैल सोडले.
नवव्याला
नळी पिवळी होऊन वरचं झाकण टणकन् उडालं.

तीस म्हणजे किती?
हिवाळ्यात अंधारात स्वेटर ओढून काढताना
जे चटचटतं, त्याहून बरंच जास्त.
पण गिरणीतला एखादा डबा, जमिनीला न जोडलेला,
तेवढं सहज साठवून बसतो.

संध्याकाळी गिरणीतून हेइमो पुक्कालाचा फोन:
पीठच ना ते?
माझे आजोबा दुपारी पोत्यांवर आडवे व्हायचे,
उठले की भुवया पांढऱ्या.

पोत्यातलं ठीक आहे हो, ती म्हणते.
बसलेलं आहे तोवर ते पीठच.
उडवू मात्र नका. हवेचा पाइप तर नकोच,
शोषून घ्या, अगदी तुळयांच्या पाठीसुद्धा.
आणि कोण चढलं होतं वर? लाल हातमोजेवालं?

पलीकडे जरा वेळ यंत्राचीच घरघर.
आमची आयला. उजव्याचा अंगठा उसवलाय तिचा.
का?

ती समासाकडे पाहते.
शिडी नीट धरायला सांगा, म्हणते.
आणि फोन ठेवून
नळी पुसायला घेते,
उद्या साखर यायची आहे.