आहेराची पाकिटं

मागच्या लग्नसराईत गंजगोलाईतून डझनभर आणली होती.
गुलाबी, वर सोनेरी गणपती,
कोपऱ्यात चिकटवलेला एकेक रुपया.
तीन लग्नांत तीन गेली, नऊ उरली.
ती नऊ आता माझं घर चालवतात.

पेन्सिलीनं नावं घातली:
भाडं. दूध. टँकर. गॅस. अनिकेतची फी.
आईच्या गोळ्या. मोबाईल. चष्मा.
नवव्यावर बरेच दिवस काही सुचेना,
मग लिहिलं, ‘विचारू नये’.

दिवसभर मी लोकांची बचत गोळा करते.
पिग्मी. औसा रोडची डावी बाजू माझी.
पंक्चरवाला जलील वीस,
रसवंतीवाली कोंडाबाई दहा, उन्हाळ्यात पन्नास,
झेरॉक्सवाला कधी देतो, कधी “उद्या बघू, ताई”.
मशीनवरचा आकडा हात लांब करून वाचते.
एकदा तिसाचे ऐंशी दाबले गेले,
पन्नास माझ्या पदरचे.
म्हणून चष्मा. महिन्याला साठ.

आमच्या घरात कुणी कुणापुढं हात पसरत नाही,
पाकिटंच पसरतात एकमेकांपुढं.
गॅसनं मार्चपासून दुधाचे ऐंशी दाबून धरलेत,
टँकर तर आगाऊ पाहुणा,
सगळ्यांच्या ताटातलं उचलतो.
मी आत चिठ्ठ्या घालते: ‘दुधाला देणे, ८०’.
अनिकेत हसतो. “ॲप असतंय की गं आई याचं.”
असेल.
पण पाकीट हलकं झालं की बोटांना कळतं.

वैशाखात उदगीरची पत्रिका आली.
शिवलीला, चुलतभावाची पोरगी,
माझ्याच मांडीवर बसवून टोचलेले तिचे कान.
लग्नाचं पाकीट माझ्या नवांत नव्हतं.
म्हणजे नऊच्या नऊ लग्नाचीच होती,
पण आता ती कामाला लागली होती.

रात्री पत्त्यांसारखी पसरून बसले.
भाडं हलत नाही. गोळ्या नाहीत. फी तर नाहीच.
‘विचारू नये’त सतरा रुपये.
चष्म्यात सातशे वीस.
दुधाचे ऐंशी फेडले, उरलेलं टँकरनं नेलं,
पाचशे राहू दिले तिथंच.
बाहेर रुपया होताच, पाचशे एक झाले.
एक पाकीट सुटं मिळत नाही, दुकानदार डझनच घ्या म्हणतो.
अनिकेतच्या खोडरबरनं नाव पुसलं,
बल्बखाली धरून बघितलं.
मला तरी स्वच्छ दिसलं.

मांडवात आहेराच्या वहीवर वैजनाथमामा,
नाकावर जाड भिंगं.
पाकीट तिरकं केलं, पुन्हा तिरकं केलं
आणि मोठ्यानं वाचलं,
“चष्मा? ह्ये काय लिव्हलंय, महानंदा?”
मागं रांग. कुणाची तरी सून फिसकन हसली.
“पाकिटाचं नाव हाय,” म्हणाले मी.
मामा भिंगांच्या वरून बघत राहिले.
मग लिहिलं: महानंदा कोरे, लातूर, पाचशे एक.
बाकी काही लिहिलं नाही.
“जेवून जा,” म्हणाले.

जेवले. बुंदी दोनदा घेतली.
परतीच्या एसटीत बाईचं अर्धं तिकीट,
वाचलेले तेवढे ‘विचारू नये’त.

आता आठ उरली, आणि चष्मा बेघर.
शिवलीलाच्या पत्रिकेचं पाकीट उसवलं,
आतली कोरी बाजू बाहेर काढून
भाताच्या शितानं चिकटवलं.
त्यावर मार्करनं लिहिलं, एवढं मोठं
की दारातूनही मला वाचता यावं.
याला नाणं नाही.
साठ टाकले.

त्याच रात्री सिलिंडर संपला.
गॅसनं सवयीनं हात पुढं केला.
पहिल्यांदाच नाही म्हणाले.
पुढचे चार दिवस
शेजारच्या नूरजहाँआपाच्या शेगडीवर
माझं दूध तापलं.