खुळा कोपरा

वखारीत सकाळी सातलाच शिंका सुरू व्हायच्या.
निपाणी, अक्कोळ रोड. नव्वद बायका, नव्वद चाळण्या,
आणि काट्यापाशी भरमाण्णा हुंदरे:
हातात वजनाचं पुस्तक,
कानाला चामडी पिशवीतला रेडिओ.

मेलबर्नात तेव्हा दुपार असायची म्हणे.
इंग्रजी आवाज समुद्रावरनं हेलकावत यायचा,
मधेच बुडायचा,
घागर भरून वर आल्यासारखा परत यायचा.
भरमाण्णा तो आमच्या आयांसारखाच चाळायचा,
देठ बाजूला, धूळ बाजूला.
उरेल ते मराठीत,
आणि मागच्या रांगेतल्या हुक्केरीच्या बायकांसाठी
पुन्हा एकदा कन्नडमध्ये.

गलीला तो बोळ म्हणायचा. कव्हरला पांघरूण.
सिली पॉइंटला खुळा कोपरा.
"खुळ्या कोपऱ्यात एक बारका गडी वाकून उभाय,
आईनं सोडलाय कसा काय की!"
मेडन ओव्हर म्हणजे कुवारणीचं षटक;
त्यावर गंगव्वा एवढी हसली की ठसका लागला
आणि सुपभर तंबाखू उधळली.
मुकादम म्हणाला, मजुरीतनं कापा.
भरमाण्णानं पुस्तकात काय लिहिलं कुणास ठाऊक,
शनिवारी तिचे पैसे पुरते भरले.

मी तेव्हा पोत्यावर बसलेलो.
मुलगी असून बसलेलो. आमच्याकडं बायकाही
बसलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात.
पुण्यात शिकायला गेलो तेव्हा हसले लोक.

एका सकाळी सेल संपले.
खरखर. मग खरखरही नाही.
मी त्याचं तोंड बघितलो. बायकांची नजर चाळणीत.
त्यानं रेडिओ कानाचा काढला नाही.
थुंकी गिळून म्हणाला,
"थांबा, थांबा. मैदानात कुत्रं शिरलंय."

कसलं ओ? शेवंताक्का.
काळं. नाही, कुत्री हाय. कानावर पांढरा ठिपका.
खुळ्या कोपऱ्यावरनं आली, बोळातनं गेली,
पंचाच्या पायाशी बसली.
गाभण हाय काय? मागनं, कन्नडमध्ये.
भरमाण्णा अडला.
"हौद्रि," म्हणाला.
मग मॅच गेली चुलीत.
पाणी दिलं काय तिला? सावली हाय काय तिथं?
पांघरुणावरच्या गड्यानं टोपीतनं पाणी दिलं.
एका टोकाला पांढरा मोठा पडदा होता,
त्याच्यामागं व्याली ती. चार पिल्लं.
तेवढा वेळ वखारीत
एक शिंक ऐकू आली नाही.

मुकादमाच्या पोरानं नवे सेल आणले
तोवर आपले तिघं आउट झालेले.
भरमाण्णानं ते एका दमात सांगून टाकलं:
"लक्ष उडालं की हो गड्यांचं, पिल्लांपायी."
दुसऱ्या दिवशी पेपरात कुत्रीबद्दल ओळ नव्हती.
आई म्हणाली,
पेपरवाला कुठं गेलावता बघायला.

आता तो खाटेवर. आवाज धुळीनं कधीच खाल्लाय.
मी त्याच्या कानाशी मोबाइलवरचा स्कोअर वाचत होतो.
इथं फोन घटकेत कर्नाटक धरतो, घटकेत महाराष्ट्र;
त्या ओढाताणीत रेंज गेली.
त्याचे डोळे माझ्या तोंडावर. पुढं?
मी थुंकी गिळलो.
"थांबा मामा," म्हणालो, "मैदानात..."
चादरीखाली त्याचं पोट हललं.
हसू होतं की ठसका, कळलं नाही.
मग हात बाहेर काढून
त्यानं चार बोटं वर केली,
चौकार सांगायला, का पिल्लं मोजायला.

रेंज अजून आली नव्हती.