डावा पाय

आधी डाव्या पायाला समजवावं लागलं.
बत्तीस वर्षं तो क्लचवर होता,
चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेम्पोच्या.
श्रीलताच्या गाडीत त्याला कामच नाही.
अक्कलकोट रोडच्या पहिल्या गतिरोधकाला
सवयीनं खाली गेला बिचारा
आणि पायपुसणं दाबून परत आला.

"पप्पा, त्याला मागं घ्या. झोपू द्या त्याला."
रात्रभर पुण्याहून गाडी हाकत आलेली पोर
सकाळी सातला मला शिकवत होती.
सायकल शिकवताना मी तिचं कॅरियर
न सांगता सोडलं होतं.
ती सांगून सोडते.

लिव्हरच्या कडेला अक्षरं. पी, आर, एन, डी,
आणि डीपासून जरा फटकून, एस.
"एस म्हणजे?"
"स्पोर्ट."
"ताकद वाढते?"
"नाही. ताकद तेवढीच."
"मग?"

तिचा फोन दोनदा थरथरला. तिनं तो पालथा घातला.
"डीमध्ये गाडी लवकर वरच्या गिअरला जाते,
पेट्रोल वाचवते, गप चालते.
एसमध्ये गिअर सोडत नाही,
धरून ठेवते. काटा चारपर्यंत चढू देते.
पाय नुसता टेकवला, की धावायला तयार."

मला मेहुणा आठवला, अंबादास.
एका दिवाळीला ऑर्डर मोठी आली
म्हणून त्यानं मागाची पुली बदलली.
माग तोच, मोटार तीच,
ठोका तेवढा जलद.
आठ दिवस चादरी भराभर उतरल्या.
नवव्या दिवसापासून सूत तुटायला लागलं,
मग धोटा उडाला तो थेट भिंतीवर.
खड्डा अजून आहे. त्यात आता ते उदबत्ती खोचतात.

कुंभारी मागं पडली.
वळसंगच्या अलीकडं ट्रॅक्टर,
मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, झुलत, रस्ताभर.
"आता एस," ती म्हणाली.
मी ओढला.
गाडी आधी दोन गिअर खाली उतरली,
जशी उडीआधी माणसं गुडघ्यात वाकतात,
आणि मग काय सांगू,
ऊस, ट्रॉल्या, ट्रॅक्टरवरचा तोंड बांधलेला पोरगा,
सगळं एका श्वासात आरशात गेलं.
बासष्टाव्या वर्षी मी मोठ्यानं हसलो.

पुढं रस्ता रिकामा होता.
इंजिन मात्र तसंच ओरडत राहिलं,
जणू अजून कुणाला तरी मागं टाकायचंय.
"आणू का डीमध्ये?"
"राहू द्या. मी एसमध्येच चालवते."
"पुण्यात? त्या गर्दीत?"
"हो."
"ॲव्हरेज?"
"नऊ," म्हणाली, आणि खिडकीकडं बघत राहिली.

टपरीवर चहा घेतला. तिनं अर्धाच प्यायला,
अंगठा फोनवर, डोळे फोनवर,
कपावर साय धरेपर्यंत.
मी काही विचारलं नाही.
गाडीबद्दल विचारायचं ते विचारून झालं होतं.

परतताना ती झोपली.
सीट मागं नाही, उशी नाही,
बोलता बोलता मान कलली आणि संपलं.
मी हळूच लिव्हर पुन्हा डीवर आणला.
काटा दोनच्या खाली आला,
आवाज गेला, आणि तिचा श्वास ऐकू यायला लागला.
लहानपणी कांड्यांच्या टोपलीशेजारी झोपायची
तेव्हाचाच, नाकातून जरा शिट्टी.

अशोक चौक आला. आमची गल्ली आली.
राजमणीनं तवा ठेवला असणार,
शेंगाचटणी काढून वाट बघत असणार.
मी वळलो नाही.
सात रस्त्याला लाल दिवा, थांबलो,
हिरवा झाला, कुणी मागून हॉर्न दिला, देऊ दे.
विजापूर नाक्यापर्यंत जाऊ,
तिथून पुन्हा माघारी,
चाळीसच्या वर न जाता.

डावा पाय कधीचा पसरून पडलाय.
त्यालाही उठवत नाही.